जे हलतं तेच हलवायचं, दादा

दादा, तुझ्या दहाव्याला तुझा फोटो गोल गोल फिरला. मांडवात भाड्याचा मोठा टीव्ही लावला होता आणि तुझ्या चुलतभावाने मोबाइलवरच्या कुठल्याशा ॲपमधून तुझा स्लाइड शो केला होता. आधी तू डावीकडून घरंगळत आलास, मग मधोमध दोनदा उसळलास, मग तुझ्या डोक्यामागे सोनेरी वलय फिरायला लागलं आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चं एकेक अक्षर टकटक आवाज करत उमटत होतं. बायका पदराने डोळे पुसत होत्या आणि मला हसू आवरेना. ओढणी तोंडात कोंबली मी. माझे खांदे हलताना पाहून वहिनी मला जवळ घेऊन म्हणाल्या, ‘रडू नको गो मंगल.’ मग मात्र मी खरंच रडले.

गेलेल्या माणसाचा फोटो हलवायचा नाही, हा तुझा नियम. शहापूरच्या आपल्या गाळ्यात मी कामाला लागले त्याच महिन्यात तू मला त्यावरून झापलं होतंस. कुणाच्या तरी वडिलांच्या वर्षश्राद्धाचा शो होता आणि मी मोठ्या हौसेने म्हाताऱ्याला हळूहळू मोठा करत आणलं होतं. तू खुर्ची ओढून बसलास आणि म्हणालास, ‘मंगल, त्यानं जल्मभर धावपळ केली. आता तरी त्याला एका जागी बसू दे.’ मी ते ॲनिमेशन काढलं. फोटो नुसता उभा राहिला आणि त्या घरची माणसं पडद्यापुढे गप्प झाली, ते अजून आठवतं.

तर तुझ्या वाट्याला मात्र पाकळ्या आल्या. भोग आता.

आणि तो कावळा! पिंड ठेवला नाही तोच आला, चोच मारली आणि गेला. सगळे नदीवरून खूश होऊन निघाले. ‘दत्ताचं काय बी राह्यलं नव्हतं. समाधानानं गेला,’ तुझे मोठे भाऊ आप्पा म्हणाले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. काय बी राहिलं नव्हतं? माझ्या वाडीचं राहिलं होतं की! निदान अर्धा तास तरी त्या कावळ्याला झाडावर बसवून ठेवायचं होतंस. कुणीतरी विचारलं असतं, बाबा रे, तुझं काय अडलंय? मी पुढे होऊन सांगितलं असतं. पण तू तीही संधी दिली नाहीस. जिवंतपणी जसा विषय टाळायचास तसाच मेल्यावरही टाळलास.

मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. चांगलं पुष्कळ आहे, तेही बोलते. नाहीतर तू म्हणशील, मंगल एकाच बाजूचं सांगते.

मला काय येत होतं? बारावी झालेली, शेणवे गावाच्या वरच्या आदिवासी वाडीतली पोर. कॉम्प्युटरच्या क्लासचा कागद हातात होता आणि माउस धरताना करंगळी वर राहायची. तू लग्नाचे बॅनर, निरोप समारंभाचे शो आणि प्लॉटवाल्यांची प्रेझेंटेशनं करायचास. तालुक्यात दुसरं कुणी ते काम धड करत नव्हतं. माझ्या वाडीचं नाव ऐकल्यावर लोक थोडं थांबतात, ते मला ठाऊक होतं. तू थांबला नाहीस. ‘चहा घेतेस? मग बस तिथं,’ एवढंच म्हणालास. त्या खुर्चीत मी बसले ती आजपर्यंत.

तुझी शिकवण म्हणजे सगळी उलटी. बाकीचे शिकवतात पडद्यावर काय काय नाचवता येतं, तू शिकवलंस काय नाचवायचं नाही. एका स्लाइडवर एकच गोष्ट हलेल. अक्षरं उडत आणायची नाहीत, कारण डोळा उडण्याकडे जातो आणि वाचायचं राहून जातं. मजकूर एकदम सगळा दाखवायचा नाही, बोलणारा जिथवर आला तिथवरच दाखवायचा, नाहीतर लोक पुढचं वाचून मोकळे होतात आणि बोलणारा एकटाच मागे राहतो. आपोआप पुढे जाणारं काही लावायचं नाही. ‘साहेब मधेच पाणी पितो, शिंकतो, कुणाचं तरी नाव विसरतो. स्लाइड कशी थांबणार? क्लिक आपल्या बोटात पायजे.’

आणि सगळ्यात मोठा नियम: जे खरंच हलतं तेच हलवायचं. रस्ता पुढे जातो, तो सरकव. नदी वाहते, तिला वाहू दे. भाव चढतो, तर तो आकडा चढव. घर हलत नाही, डोंगर हलत नाही, माणसाचं नाव हलत नाही, त्यांना हात लावू नको. मी विचारलं होतं, ‘आणि हलतंय की नाय ते ठाऊकच नसंल तर?’ तू म्हणालास, ‘तर जाऊन बघून ये.’

जाऊन बघून ये. हे तुझे शब्द आहेत दादा, माझे नाहीत.

मुरबाड रस्त्यावरचा तो फार्महाऊसवाला आठवतो? त्याला पहिल्याच स्लाइडवर गरुड हवा होता. गरुडाने झेप घ्यायची आणि चोचीतून कंपनीचं नाव सोडायचं. ‘जरा हलतं पायजे, लायटिंग पायजे,’ असं त्याचं चाललेलं. मी तोंड वाकडं केलं. तू म्हणालास, ‘करू की साहेब.’ आणि दोन नमुने केलेस. एकात गरुड, दुसऱ्यात साधा नकाशा आणि त्यावर सरळगावकडून प्लॉटकडे शांतपणे सरकत जाणारी एक लाल रेघ. दोन्ही दाखवलेस आणि तोंडातून शब्द काढला नाहीस. गरुडाच्या वेळी त्याची बायको फोन बघत होती. रेघेच्या वेळी तिने विचारलं, ‘म्हणजे पुलानंतर डावीकडे का?’ झालं, गरुड उडाला. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, त्याला त्याच्याच डोळ्यांनी बघायला लावायचं, हे मी त्या दिवशी शिकले. बाहेर येऊन आपण रस्त्याकडेच्या टपरीवर वडापाव खाल्ला आणि तू हात पसरून गरुड करून दाखवलास. टपरीवाला तुझ्याकडे बघतच राहिला.

दुसऱ्या एकाच्या कार्यक्रमात त्याच्या लॅपटॉपवर आपला मराठी फॉन्टच नव्हता. अध्यक्षांच्या नावाच्या जागी चौकटी आणि कसलीतरी चिन्हं आली आणि अध्यक्ष पुढच्या रांगेत हार घालून बसलेले. मी घामाघूम. तू मात्र खिशातून दुसरा पेनड्राइव्ह काढलास, ज्यात मराठी मजकुराची प्रत्येक स्लाइड चित्र करून ठेवलेली. तेव्हापासून मी दोन प्रती केल्याशिवाय गाळ्याबाहेर पडत नाही. सकाळी जाऊन खिडक्यांचा उजेड बघायचा, कारण दिवसाढवळ्या पडद्यावर पिवळं दिसत नाही. चष्मा काढून शेवटच्या रांगेत उभं राहायचं. तिथून वाचता आलं तर स्लाइड पास. ‘पुढचे काय, ते खुर्चीसाठी आलेले असतात. ऐकायला आलेला मागं बसतो,’ असं तू म्हणायचास.

हे सगळं तू मला हात आखडता न घेता दिलंस. वाडीतली आहे म्हणून कौतुक केलं नाहीस आणि कमीही लेखलं नाहीस. चुकलं की ओरडायचास, जमलं की ‘हां’ म्हणायचास. त्या एका ‘हां’साठी मी दिवस दिवस खपायचे. म्हणून तर इतका राग येतो. परक्याने केलं असतं तर थुंकून मोकळी झाले असते.

पाण्याच्या योजनेचं काम घेतलेला तो ठेकेदार, ज्याला आपण शेठ म्हणायचो, त्याचं प्रेझेंटेशन तू केलंस. मी तेव्हा दुसऱ्या कामात होते. मी ते पहिल्यांदा बघितलं ते सगळ्यांबरोबर, शेणव्याच्या सभेत. शाळेचा हॉल भरलेला. वाडीतल्या बाया पार मागे, खाली सतरंजीवर, त्यांच्यात माझी आई आणि तिच्या पुढ्यात मी.

काय सुरेख केलं होतंस रे! फिकट नकाशा. त्यावर टाकीतून निघालेली निळी रेघ, सावकाश, वळणं घेत येणारी. जिथे पोचेल तिथलं गावाचं टिंब निळं व्हायचं आणि त्याभोवती पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तसे तरंग. एका स्लाइडवर एकच गोष्ट हलत होती. क्लिक तुझ्या बोटात. शेठ जिथवर बोलेल तिथवरच रेघ. सगळे तुझे नियम, एकही मोडला नव्हतास. आणि शेवटी रेघ डोंगर चढून वरच्या वाडीला आली. टिंब निळं झालं, तरंग उठले, खाली अक्षरं आली: काम पूर्ण. हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

आईने मागून माझी ओढणी ओढली. ‘मंगे, यो नल कुठं हाय गो?’

आमच्या वाडीत नळ आहेत, दादा. प्रत्येक दाराशी सिमेंटचा खांब आणि त्याला तोटी. पाणी नाही. एक दिवसही आलं नाही. आई त्या तोटीला बाजाराची पिशवी अडकवते. बकऱ्या खांबाला अंग घासतात. फाल्गुन सरला की विहिरीचा तळ दिसतो आणि बाया खालच्या झऱ्याला जातात, वाटी वाटीने हंडा भरतात. वाडीच्या वरच्या कातळावर उभं राहिलं तर भातसा धरणाचं पाणी चमकताना दिसतं. ते मुंबईला जातं. आम्ही बघतो.

तुला हे माहीत होतं का? हाच तर माझा प्रश्न होता. सभेनंतर शाळेच्या पायरीवर मी तुला तो विचारला. ‘जाऊन बघितलंस का?’

‘शेठनं यादी दिली गो.’

‘जाऊन बघितलंस का, दादा?’

तू क्लिकरची पाठ उघडून सेल काढत होतास. वर बघितलं नाहीस. ‘पाइप गेलाय ना वाडीला? मग पाणी येलच. आज ना उद्या येल.’

‘मग “प्रस्तावित” लिव.’

‘शेठला त्यो शब्द नको.’

‘आणि त्या फार्महाऊसवाल्याला गरुड पायजे होता!’

हे तुला लागलं. तुझा चेहरा पडला, मी बघितलं. पण तू म्हणालास, ‘मी नाय केलं तर उद्या कल्याणचा कुणी करून दील. तो तर तुझ्या वाडीचं नावबी चुकीचं लिवील.’ मी म्हणाले, ‘लिवू दे. निदान त्यानं माझ्या आईच्या हातची भाकर खाल्लेली नसंल.’ मग आपण दोघं गाडीवरून शहापूरला परत आलो. गाळ्याचं शटर वर करताना तू म्हणालास, ‘काढतो वाडीचं टिंब. बघू.’

त्या ‘बघू’वर मी किती थांबले! दर थोड्या दिवसांनी विचारायचे, काढलंस का? बघू गो. शेठशी बोललास का? बघू. चिडून, हसून, कधी चहाचा कप पुढे आपटून विचारलं. तू कधी नाही म्हणाला नाहीस. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, ते तू माझ्यावरही वापरलंस. फक्त मला दुसरा नमुना कधी दाखवला नाहीस.

आपलं शेवटचं बोलणंही तेच. तू गावाला घरी होतास. मला फोनवर म्हणालास, ‘छातीत जळजळतंय, ॲसिडिटी झालीय. आज तूच गाळा बघ.’ आणि मी काय बोलावं? डॉक्टरकडे जा म्हणावं, वहिनींना फोन दे म्हणावं? मी म्हणाले, ‘ते टिंब काढलंस का?’ तू हसलास. ‘बघू गो. आधी गोळी घेतो.’ गोळी घेतलीस आणि दुपारपर्यंत गेलास. आता मी हा राग कुणावर काढू, सांग. तुझ्या खुर्चीवर तुझा स्वेटर आहे. त्याच्याशी भांडून काय उपयोग?

दहाव्याच्या पंगतीत शेठ शेजारी येऊन बसला. ‘भाऊंचं वाईट झालं, ताई. देवमाणूस.’ भातावर वरण पडेपर्यंत त्याने तोंड पाडून ठेवलं, मग म्हणाला, ‘तो पाण्याचा शो असंल ना तुमच्याकडं? मुरबाडला सभा हाय. शहापूरची कामं दाखवायची पूर्ण म्हणून, आणि मुरबाडची गावं पुढच्या टप्प्यात. नावं तेवढी टाका. बाकी भाऊंनी केलंय तसंच राहू द्या.’ यादी पुढे केली. यादीत तुझं गाव होतं, दादा. ज्या गावच्या मांडवात आम्ही जेवत होतो तेच.

दुसऱ्या दिवशी गाळ्यात मी ती फाइल उघडली. खोटं कशाला सांगू, मनात आशा होती. वाटलं, तू गुपचूप बदल करून ठेवला असशील. वाडीचं टिंब काढलेलं असेल, निदान कोपऱ्यात बारीक ‘प्रस्तावित’ असेल. मग मी टेबलावर डोकं ठेवून रडेन, तुला माफ करेन आणि सगळं गोड होईल. मी क्लिक करत गेले. रेघ आली, डोंगर चढली, टिंब निळं झालं, तरंग उठले. काम पूर्ण. तू काहीही केलं नव्हतंस. त्या फाइलला तू पुन्हा हातसुद्धा लावला नव्हतास.

तेव्हा मला आतून जे वाटलं ते लिहिते, कारण तू आता वाचणार नाहीस. मला वाटलं, बरं झालं कावळ्याला लगेच शिवू दिलंस. अडलं होतं ते माझं होतं, तुझं नव्हतंच.

मी मुरबाडच्या गावांची नावं टाकली. तुझ्या गावाचं टिंब टाकलं, पोकळ. रंग नाही, तरंग नाही. मग वाडीच्या टिंबावर गेले आणि त्याचं ॲनिमेशन काढून टाकलं, खालचं ‘काम पूर्ण’ही. बाकी काही केलं नाही. एक शब्द लिहिला नाही. शेठला म्हटलं, एकदा बघून घ्या. तो म्हणाला, ‘भाऊंचंच हाय ना? मग काय बघायचं?’

मुरबाडच्या सभेला मी सकाळी गेले. खिडक्या बघितल्या, पडदे ओढून घेतले, शेवटच्या रांगेत उभी राहिले. सगळं तू शिकवलंस तसं. सभा भरली तेव्हा मागच्या रांगेत आप्पा येऊन बसले, डोक्याचे केस उतरवलेले, टोपी घातलेली. शेठ बोलत गेला, मी क्लिक करत गेले. गावं निळी होत गेली. रेघ डोंगर चढली आणि वरच्या वाडीपाशी जाऊन थांबली. टिंब काळंच राहिलं.

शेठ पुढे बोलायला लागला होता, पण लोक नकाशाकडे बघत होते. सगळ्या निळ्यात एक काळं. आप्पांनी मागून विचारलं, ‘ते येक का राह्यलं?’

शेठने वळून बघितलं. ‘ताई, क्लिक मारा.’

‘मारला, शेठ.’

‘परत मारा.’

‘तिथं हलवायला काय नाय,’ मी म्हणाले. माझा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. ‘नळ बसलाय, पाणी नाय आलं. माझी वाडी हाय ती.’

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. शेठ म्हणाला, टेक्निकल प्रॉब्लेम हाय. पण आप्पा उठून उभे राहिले होते. ‘मग उद्या आमच्या गावाचं टिंब निळं झालं म्हंजे काय समजायचं आमी?’ त्यांच्यामागून दुसरा उठला, मग तिसरा. शेठने हातानेच मला बंद करायची खूण केली. मी केलं नाही. क्लिकर खाली ठेवला आणि स्लाइड तशीच उभी राहू दिली. सभा कशीबशी उरकली.

दारात शेठने मला गाठलं. शिव्या देईल वाटलं होतं. पण तो हळूच म्हणाला, ‘भाऊ असते तर असं झालं नसतं.’

खरं बोलला तो. तू असतास तर असं झालं नसतं. तू क्लिक केला असतास आणि मी मागे उभी राहून दात ओठ खात बघत राहिले असते. त्या हॉलमध्ये मी जे काही केलं ते सगळं तुझ्याकडून शिकलेलं, आणि ते करायला तू नसावं लागलं. हे मला पचत नाही, दादा. तू जिवंतपणी एकदाच, फक्त एकदाच तो क्लिक अडवला असतास तर मी आज इथे नुसती तुझी आठवण काढून रडत बसले असते. किती सोपं झालं असतं.

संध्याकाळी वाडीवर गेले. आई ओट्यावर बसली होती, शेजारी दोन रिकामे हंडे. तिला सगळं सांगितलं. तिला शेठ, टिंब, मुरबाड कशात रस नव्हता. तिने तुझी चौकशी केली, दहावं नीट झालं का, वहिनी जेवतात का. मग म्हणाली, ‘मंग आता पानी येल का गो?’

‘बघू’ अगदी ओठांवर आलं होतं. तुझाच शब्द, तुझ्याच सुरात.

‘नाय आई,’ मी म्हणाले. ‘अजून नाय.’

तिने एक हंडा उचलला. दुसरा मी घेतला आणि आम्ही झऱ्याकडे उतरायला लागलो.